बीएमटीची तारीख मिळाली: पेशंट भरती होण्याआधी घरच्यांनी काय काय उरकून ठेवायचं

घरातल्या कुणाचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजेच बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हाडांतल्या मज्जेच्या रक्त बनवणाऱ्या पेशी नव्याने देणं) ठरलं की पहिले काही दिवस सगळे दोनच गोष्टींबद्दल बोलतात, पैसा आणि देव. दोन्ही लागतात. पण तारीख मिळाल्यापासून पेशंट त्या खोलीत जाईपर्यंत जे थोडे आठवडे हातात असतात, त्यात कामं भरपूर असतात आणि एकात एक अडकलेली असतात. माझ्या मोठ्या भावाच्या वेळी मला सारखं वाटायचं, कुणीतरी हे क्रमाने लिहून द्यायला हवं होतं. आम्ही ठाण्याचे, कळव्याचे. उपचार नवी मुंबईत. धाकटी बहीण डोनर होती आणि दादाजवळ राहायला मी. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांना मी फोनवर हेच सांगत आले, ते आता सलग लिहितेय.

एक गोष्ट आधीच पक्की करा. ट्रान्सप्लांटच्या खोलीचं दार बंद झालं की घरच्यांच्या हातात फार थोडं उरतं. तुमची खरी कामाची वेळ आत्ताची आहे. कागद, पैसे, डोनर, रक्त, राहायची जागा, नातेवाईक, यातल्या कशाचीच काळजी आत गेल्यावर पेशंटला करावी लागू नये, एवढं एकच उद्दिष्ट धरून पुढची सगळी कामं करायची आहेत. आणि जिथे माझं म्हणणं आणि तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं पडेल, तिथे डॉक्टरांचं ऐका. प्रत्येक युनिटचे नियम थोडे वेगळे असतात.

सगळ्यात आधी: नेमकं काय होणार आहे ते समजून घ्या

हॉस्पिटलमध्ये कुणी ‘बीएमटी’ म्हणेल, कुणी ‘ट्रान्सप्लांट’. यात दोन मोठे प्रकार आहेत. ‘ऑटो’मध्ये पेशंटच्याच स्टेम सेल आधी काढून गोठवून ठेवतात, मग जोरदार केमो देतात आणि त्याच सेल परत देतात. मायलोमा आणि लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हेच होतं. ‘अ‍ॅलो’मध्ये सेल दुसऱ्याच्या असतात, ल्युकेमिया, अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया यांत हा प्रकार लागतो. अ‍ॅलोचा मुक्काम लांबतो, नंतरची औषधंही महिनोन्‌महिने चालतात. आपलं कुठलं आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं, कारण मावशीच्या जावेच्या भाच्याचं ऑटो झालेलं असतं आणि त्याच्या हिशोबाने सगळे तुम्हाला ‘पंधरा दिवसांत घरी येतील’ म्हणून सांगत राहतात.

दिवस मोजायची पद्धतही आधीच शिकून घ्या. सेल देतात तो दिवस ‘डे झीरो’. त्याच्या आधीचे केमोचे दिवस ‘मायनस सिक्स’, ‘मायनस फाइव्ह’ असे उलटे मोजतात, नंतरचे ‘प्लस वन’, ‘प्लस टू’. नर्स, डॉक्टर, फार्मसी सगळे याच भाषेत बोलतात.

बीएमटीमध्ये शस्त्रक्रिया नसते. सेलची पिशवी रक्ताच्या पिशवीसारखीच सलाइनच्या नळीतून चढवतात. आमच्या आईला हे कळेपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटरच होतं. तिला आणखी एका गोष्टीने धीर आला. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. पेशंट एक लहान मुलगी होती आणि डोनर तिचा भाऊ. आता टाटाचं बीएमटीचं काम खारघरला, सेक्टर २२ मधल्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात चालतं. म्हणजे हा प्रयोग नाही, आपल्या मुंबईत चाळीस वर्षांहून जास्त काळ होत आलेला उपचार आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगा, फरक पडतो.

जवळ कोण राहणार ते लगेच ठरवा

बहुतेक युनिटमध्ये एकच अटेंडंट चालतो आणि तो सारखा बदललेला चालत नाही. त्यामुळे ‘आम्ही सगळे आहोत’ याला अर्थ नाही, एक नाव हवं. त्या माणसाला सर्दी-खोकला लगेच होणारा नसावा, रात्री उठता यायला हवं, नर्सने सांगितलेलं लिहून ठेवायची सवय हवी आणि पेशंटला त्याच्यासमोर उलटी करायला, रडायला, चिडायला संकोच वाटता कामा नये. ही शेवटची अट मी सगळ्यात वर ठेवते. सगळ्यात जास्त प्रेम करणारा माणूस दर वेळी योग्य असतोच असं नाही. आमच्याकडे वहिनीला लहान मुलांजवळ राहणं भाग होतं आणि दादानेच माझं नाव घेतलं. पेशंटला विचारा. ‘तुला कोण हवंय?’ हा प्रश्न कितीतरी घरांत कुणी विचारतच नाही.

दुसरं नावही आत्ताच ठरवा, कारण पहिला माणूस आजारी पडू शकतो. त्या दुसऱ्यालाही हात धुणं, मास्क, औषधांची वेळ हे सगळं आधीच शिकवून ठेवा. दोघांनी फ्लूची लस घेऊन ठेवावी. बाकी कुठल्या लसी घ्यायच्या ते युनिटला विचारावं. अटेंडंटला स्वतःच्या बीपीच्या, शुगरच्या गोळ्या असतील तर दोन महिन्यांच्या आणून ठेवा. ऑफिसात रजेचा अर्ज हॉस्पिटलच्या पत्रासकट आधीच द्या.

घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा नीट वाचा. पल्स पोलिओच्या रविवारी तोंडातून जे थेंब देतात, त्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो आणि तो पुढे काही आठवडे मुलाच्या शौचातून बाहेर पडत राहतो. प्रतिकारशक्ती शून्यावर असलेल्या माणसाच्या घरात हे चालत नाही. पण म्हणून मुलाचा डोस आपल्या मनाने चुकवायचा नाही. पोलिओची इंजेक्शनचीही लस असते. बालरोगतज्ज्ञ आणि ट्रान्सप्लांटचे डॉक्टर, दोघांना विचारून काय ते ठरवा.

डोनर: याला वेळ द्या, घाई करू नका

अ‍ॅलो असेल तर आधी ‘एचएलए’ची, म्हणजे डोनर आणि पेशंटच्या पेशी किती जुळतात याची, तपासणी होते, रक्तातून किंवा गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक. आई-वडील आणि मुलं साधारण अर्धी जुळतात आणि आता अर्ध्या जुळणीवरही, म्हणजे ‘हॅप्लो’ पद्धतीने, ट्रान्सप्लांट होतात. कुणीच योग्य नसेल तर दात्री, डीकेएमएस इंडिया यांसारख्या संस्थांकडच्या डोनरच्या नोंदण्यांमधून बाहेरचा डोनर शोधतात. तो शोध हॉस्पिटलच करतं. रक्तगट जुळावा लागत नाही. उलट पेशंटचा रक्तगट पुढे डोनरचा होतो. हे ऐकून आमच्या सोसायटीतले लोक चकित व्हायचे.

डोनरच्या घरच्यांची भीती मात्र गंभीरपणे घ्या. ‘पाठीच्या कण्यातून काढतात, माणूस अधू होतो’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. कण्याच्या मज्जारज्जूला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा डोनरला चार-पाच दिवस पोटावर किंवा दंडावर इंजेक्शनं देतात, त्याने स्टेम सेल रक्तात उतरतात आणि मग एका हातातून रक्त मशीनमध्ये नेऊन सेल वेगळ्या करून बाकीचं रक्त दुसऱ्या हातात परत देतात. यात चारेक ते सहा तास जातात. इंजेक्शनांनी कंबर, मांड्या, डोकं दुखतं, हाडं ठणकतात. मशीनवर असताना ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच नर्सला सांगायचं. कॅल्शियम कमी झाल्याने तसं होतं आणि त्यावर लगेच उपाय करतात. काही वेळा, विशेषतः लहान मुलांमध्ये, भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. काढलेली मज्जा काही आठवड्यांत परत भरून येते.

माझ्या बहिणीच्या सासूबाई पहिल्यांदा नको म्हणाल्या. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनाच डॉक्टरांच्या ओपीडीत घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, ‘हिला पुढे मूल होईल ना?’ डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं, आणि बाहेर आल्यावर त्याच म्हणाल्या, ‘मग उद्या नको, आजच करा तपासणी.’

डोनरला नाही म्हणायचा हक्क आहे. त्याच्यावर भावनेचं ओझं टाकू नका, पेशंटसमोर तर मुळीच नाही. त्याचं डॉक्टरांशी एकट्याने बोलणं होऊ द्या. मात्र होकार दिल्यावर पाऊल मागे घ्यायची शेवटची वेळ कुठली, हेही त्याला स्पष्ट सांगितलेलं असावं. केमो सुरू झाल्यावर सेल मिळाल्या नाहीत तर पेशंटची स्वतःची मज्जा गेलेली असते आणि जिवावर बेततं. त्या दिवसांत डोनरने मोटारसायकलवरून लांबचे प्रवास टाळावेत, बाहेरचं खाऊ नये, मच्छरांपासून जपावं. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत डेंग्यू, मलेरिया सगळीकडे असतात. डोनर तापाने पडला तर तारीख पुढे जाते.

पैशाचे कागद

हॉस्पिटलकडून शिक्क्यासह लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात काय नाही ते विचारा. इन्फेक्शन झालं, बुरशीवरची महागडी औषधं लागली, मुक्काम वाढला, डोनरच्या तपासण्या, प्लेटलेट्स, हे बऱ्याचदा वेगळं लागतं. डिस्चार्जनंतर साधारण शंभर दिवस हॉस्पिटलजवळ राहायचं भाडं आणि औषधं यांचाही हिशोब आत्ताच धरा. माझ्या पाहण्यात घरं इथेच कमी पडतात.

मेडिक्लेम असेल तर रक्ताच्या आजारांसाठीचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट पॉलिसीत बसतं का, त्यावर वेगळी मर्यादा आहे का आणि डोनरचा खर्च धरतात का, हे तीन प्रश्न ईमेलने विचारा. उत्तरही ईमेलनेच मागा. तोंडी ‘हो’ चालत नाही.

सरकारी मदतीसाठी हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करना पहिल्या आठवड्यातच भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र तिथे असतील तर आपल्या आजारासाठी काय मिळतं ते विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांच्याकडे अर्ज करता येतो, आणि हे अर्ज उपचार उरकण्याआधी करायचे असतात. सिद्धिविनायक मंदिर न्यासही रुग्णांना मदत देतो. थॅलेसेमियाच्या मुलाला जुळणारं भावंड असेल तर कोल इंडियाच्या पैशातून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना १० लाखांपर्यंत मदत करते, ठरावीक हॉस्पिटलांत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. तो अर्जही सोशल वर्करच करून देतात. या सगळ्याला लागतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, अंदाजपत्रक आणि रिपोर्ट. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज टाका. सगळ्याच्या दहा-दहा झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये लावा.

पेशंटच्या नावावरची खाती, गॅस, शाळेची फी, घराचे हप्ते यांची सोयही तो धडधाकट असतानाच त्याच्याशी बसून लावा. जोडखातं, नॉमिनी, पासवर्ड. हा विषय काढताना कानकोंडं होतं. आम्ही तो ‘तू आत असताना वहिनीला बँकेत हेलपाटे नकोत’ असाच काढला, आणि दादाने स्वतः वही काढून यादी केली.

तपासण्या, दात आणि पुढचं मूल

हृदयाचा टूडी एको, फुप्फुसांची तपासणी, सीटी, कावीळ आणि एचआयव्हीसारख्या विषाणूंच्या चाचण्या, किडनी-लिव्हर हे सगळं होईल. ते हॉस्पिटल सांगेल तसं करा. घरच्यांचं काम म्हणजे जुनी माहिती देणं. कधी टीबी झाला होता का, नागीण, कांजिण्या, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, पायात बसवलेला रॉड. घरातल्या इतर कुणाला टीबी असेल तर तेही लपवू नका.

दातांकडे लोक दुर्लक्ष करतात. किडलेला दात, सुजलेली हिरडी म्हणजे पांढऱ्या पेशी शून्यावर गेल्यावर जंतूंना मोकळं दार. काढायचा दात आत्ताच काढून घ्या, जखम भरायला वेळ लागतो. पण डेंटिस्टकडे जाण्याआधी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, दाखवून ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा.

पेशंट तरुण असेल तर पुढे मूल होण्याबद्दल डॉक्टरांना विचारायला लाजू नका. मोठ्या केमोने ती क्षमता बहुतेक वेळा जाते. पुरुषांचं वीर्य गोठवून ठेवणं सोपं आहे, स्त्रियांची बीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. अविवाहित मुलामुलीचे आई-वडील संकोचाने हा विषय टाळतात आणि नंतर आयुष्यभर हळहळतात. तुम्हाला जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ‘तुम्ही त्याच्याशी एकट्याने बोला.’

रक्त आणि प्लेटलेट्स

केमोनंतर मज्जा बंद पडलेली असते, त्यामुळे प्लेटलेट्स वारंवार लागतात. मशीनवर एकाच माणसाकडून घेतलेल्या प्लेटलेट्सना ‘एसडीपी’ म्हणतात. त्या पाचच दिवस टिकतात, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी येऊन काही उपयोग नाही. नावांची यादी करा, रक्तगट, फोन, कुठे राहतात आणि कुठल्या वारी येऊ शकतात. देणाऱ्याचं वजन ५० किलोच्या वर, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असाव्या लागतात आणि आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं चालत नाही. साधारण तासा-दीड तासाचं काम असतं आणि ४८ तासांनी माणूस पुन्हा देऊ शकतो. ठाण्याकडच्यांना ठाणे–पनवेल लोकलने थेट यायला सांगा. भर पावसात गाडीने सायन–पनवेल हायवेवर अडकून बसलेला डोनर आणि इकडे आठ हजारांवर आलेल्या प्लेटलेट्स, ही वेळ आणू नका.

एक पक्का नियम: अ‍ॅलोच्या आधी जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी पेशंटला स्वतःचं रक्त द्यायचं नाही. त्याने शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध तयार होऊ शकतं आणि मग त्यांच्याच सेल टिकत नाहीत. मित्र, शेजारी, ऑफिसातले लोक, मंडळाची पोरं हे देतील. नातेवाइकांनी ब्लड बँकेला बदली रक्त द्यावं. पेशंटला देताना रक्त ‘इरॅडिएटेड’ (किरणांनी प्रक्रिया केलेलं) आहे ना, हे ब्लड बँक बघतेच. तरी नर्सला एकदा विचारायला हरकत नाही.

राहायची जागा

डिस्चार्जनंतर रात्री ताप आला तर तासाभरात हॉस्पिटल गाठता येईल अशी जागा हवी. घोडबंदरवरून संध्याकाळी खारघर किंवा बेलापूर गाठायला काय होतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून बरेच जण खारघर, बेलापूर, नेरूळकडे तात्पुरता वन बीएचके घेतात. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडसारख्या संस्था राहायची सोय करतात. सोशल वर्करना विचारा.

फ्लॅट बघताना मी भाड्याच्या आधी भिंती बघायला सांगते. ओल, काळे ठिपके, पोपडे दिसले तर तो फ्लॅट सोडा. बुरशी हा या काळातला मोठा शत्रू आहे. शेजारी इमारतीचं बांधकाम किंवा तोडकाम चालू असेल तरी नको, कारण खोदकामाच्या धुळीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते आणि ती थेट फुप्फुसात जाते. नवी मुंबईत असं बांधकाम नसलेली गल्ली शोधायला वेळ लागतो, म्हणून लवकर शोधा. खिडकीत कबुतरं बसत असतील तर जाळी मारा. वाळलेली विष्ठा पेशंट घरी यायच्या कितीतरी आधी, ओली करून, दुसऱ्या कुणीतरी मास्क लावून काढावी. एसीची सर्व्हिसिंग करून घ्या. पाण्याचा फिल्टर बदला. गालिचे, जड पडदे काढा. मातीच्या कुंड्या घराबाहेर, तुळससुद्धा. आमच्या आईने तुळस शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवली आणि रोज तिथे जाऊन पाणी घालून यायची. रंगकाम करायचं असेल तर ते आत्ताच, नंतर नाही.

खाणं, आणि लोकांनी सुचवलेले काढे

भरती व्हायच्या आधी अंगावर थोडं मांस असलेलं बरं. प्रोटीन वाढवा: मुगाचं वरण, पनीर, पूर्ण उकडलेलं अंडं, नीट शिजवलेली मासळी, चिकन. सगळं ताजं आणि गरम. कोशिंबीर, कच्ची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी, लस्सी, बाहेरचा बर्फ बंद. घरी लावलेलं दही कधी थांबवायचं आणि कुठली सालाची फळं चालतील ते आहारतज्ज्ञांना विचारा. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र नकोच. पुढे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं की त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडतं.

काढ्यांबद्दल सांगायचं तर प्रत्येक भेटणारा काहीतरी सुचवतो. गुळवेल, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस, कुठल्या तरी वैद्याची पुडी. गुळवेल घेतल्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत, आणि आपल्या पेशंटच्या लिव्हरला तर पुढे मोठी केमो झेलायची आहे. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचासुद्धा नाही. सांगणाऱ्यांशी भांडू नका. ‘डॉक्टरांना विचारते’ म्हणा आणि खरंच विचारा. आधी काही घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ते रागावले तरी चालेल.

बॅग आणि अंगावरच्या वस्तू

पुढून बटणांचे सुती शर्ट किंवा गाऊन घ्या, कारण छातीवर किंवा दंडात नळी असेल आणि डोक्यावरून कपडा काढणं जमणार नाही. धुऊन, कडक इस्त्री करून, स्वच्छ पिशव्यांत बंद. मऊ ब्रिसलचे नवे ब्रश, न घसरणाऱ्या चपला, लांब वायरचा चार्जर, ट्रिमर. वस्तरा नको, साध्या कापण्यातूनही इन्फेक्शन होतं. केस घरीच बारीक करून घ्या, म्हणजे उशीवर झुबके पाहावे लागत नाहीत. नखं कापा. फुलं, पोथीवरची जुनी धूळ, कुंडी, ओला प्रसाद यातलं काही आत जाणार नाही.

अंगठ्या, मंगळसूत्र, जोडवी, गंडे, जानवं हे बहुतेक ठिकाणी उतरवायला सांगतात. अंग सुजतं आणि दोऱ्यात जंतू राहतात. हे काम वॉर्डच्या दारात, नर्स उभी असताना करायची वेळ आणू नका. आदल्या दिवशी घरी करा. दादाच्या मनगटाला आईने बांधलेला लाल दोरा होता, धुऊन धुऊन गुलाबी झालेला. आईने स्वतःच देव्हाऱ्यासमोर बसून कात्रीने तो कापला, तांब्याच्या वाटीत ठेवला आणि म्हणाली, ‘तू येशील तेव्हा नवा बांधू.’ अंगाऱ्याची पुडी तिने माझ्याकडे दिली नाही, देवापाशीच ठेवली. कारण नीट सांगितलं की आपली माणसं समजून घेतात. फक्त ‘अलाऊड नाही’ म्हणून सांगू नका.

नातेवाईक, फोन, मुलं

बातमी द्यायला एकच माणूस नेमा, आणि तो अटेंडंट नको. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी पुरतात. भेटायला येऊ नका, हे भरतीच्या आधीच सगळ्यांना स्पष्ट कळवा, गणपती-दिवाळी असली तरी. काका-मामांना राग येतो. त्यांना कामं द्या: प्लेटलेट डोनर आणणं, मुलांना शाळेत सोडणं, कळव्याच्या घराची बिलं भरणं. काम मिळालं की राग जातो.

लहान मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल एवढं. ‘बाबा गावाला गेलेत’ म्हणू नका. केस जाणार आहेत हे आधीच सांगा, व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा आणि बाबांना बरं नसेल त्या दिवशी कॉल होणार नाही हेही सांगून ठेवा.

पेशंटशी बोलताना ‘काही होत नाही रे तुला’ हे वाक्य टाळा. त्याला जे होणार आहे त्याची सही त्यानेच केलेली असते. ‘आज किती ऐकायचंय तुला?’ असं विचारा. काही दिवस त्याला सगळे रिपोर्ट हवे असतात, काही दिवस काहीच नको असतं. दादा एकदा मला म्हणाला, ‘चिमे, तब्येत डॉक्टर विचारतात. तू मला विचार, आज घरी भाजी कुठली आणायची.’ मी मग रोज विचारायचे. छोटे निर्णय त्याच्याकडे राहू द्या.

आत गेल्यावरचे पहिले दिवस

एक वही घ्या. तारीख आणि ‘डे’, ताप, वजन, किती पाणी प्यायलं, किती लघवी, जुलाब-उलट्या, पांढऱ्या पेशी, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा), प्लेटलेट्स, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा). राउंडच्या आधी तीन प्रश्न लिहून ठेवा, त्याहून जास्त नको. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की, रात्रीचे तीन असले तरी, लगेच बेल. आपल्या मनाने क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही. हाच नियम भरतीच्या आधी घरी असतानाही.

केमोच्या औषधानुसार तुमचं काम बदलतं. मेलफॅलन चालू असताना तोंडात बर्फ धरायला सांगतात, त्याने तोंडातले फोड कमी होतात. पेशंट कंटाळतो, तुम्ही खडे देत राहायचे. सायक्लोफॉस्फामाइडला लघवीची मापं काटेकोर लिहायची. थायोटेपा घामातून बाहेर पडतं, म्हणून दिवसातून अनेकदा आंघोळ घालायची आणि चादर बदलायची. बुसल्फानबरोबर फिट येऊ नये म्हणून गोळ्या असतात, त्या चुकता कामा नयेत. गुळण्या सांगितल्या तितक्या वेळा, तोंड दुखायला लागायच्या आधीपासून.

तुम्ही स्वतः वेळेवर जेवा, झोपा. घसा जरा जरी खवखवला तरी लपवू नका, दुसऱ्या अटेंडंटला बोलवा.

डे झीरोला फार मोठं काही घडत नाही. पिशवी येते, नाव आणि नंबर दोघी नर्स जुळवून बघतात, नळी जोडतात. गोठवलेल्या सेल असतील तर त्यातल्या औषधामुळे खोलीत लसणासारखा वास येतो आणि पेशंटला मळमळतं. हे आधी सांगून ठेवलं तर तो घाबरत नाही. काउंट लगेच वाढत नाहीत. एएनसी ५०० च्या वर सलग तीन दिवस राहायला ऑटोमध्ये बहुधा दहा ते चौदा दिवस, अ‍ॅलोमध्ये दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवसापासून आकड्याची वाट बघत बसू नका. डे झीरोची तारीख मात्र वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढच्या तपासण्या, औषधं कमी करणं, शंभरावा दिवस आणि लहानपणच्या सगळ्या लसी पुन्हा घेणं, हे सगळं त्याच तारखेपासून मोजलं जातं आणि प्रत्येक ओपीडीत ती विचारतात.